कानावर पडेपर्यंत

मुकुंदराव आंघोळीला गेले होते, तेवढ्यात करजगीहून फोन आला. तो त्यांच्या मुलानं, प्रणेशनं घेतला. पलीकडे बसलिंगप्पा होते, त्याच्या मोठ्या काकांचे, श्रीहरी मास्तरांचे शेजारी. त्यांनी आधी विचारलं, "अप्पा जवळ हायत का?" प्रणेश नाही म्हणाला, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "श्रीहरी मास्तर गेले बघा. बीदरला निघायचं म्हणून पाणी तापवायला सांगितलं, ओट्यावर बसले, ते बसलेच."

माणूस गेल्याचं ऐकून आधी रडू यायला पाहिजे. प्रणेशची नजर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. मुलगा तसा वाईट नाही. पण तो दिवस एक नोव्हेंबरचा होता, कर्नाटकाच्या स्थापनेचा, कन्नड राज्योत्सवाचा, आणि त्याच सकाळी जिल्ह्याच्या मैदानावर मुकुंदरावांना राज्योत्सव पुरस्कार मिळायचा होता.

पुरस्कार उगीच मिळत नव्हता. मुकुंदराव गणिताचे मास्तर. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि भाजी घेताना दखनी उर्दू, हे बीदरात निम्म्या लोकांचं असतं, तसं त्यांचंही होतं. पण खेड्यातल्या मराठी शाळेतल्या पोरांचं तसं नव्हतं. कन्नड लिहिता येत नाही म्हणून नोकरीच्या दारातून परत आलेली पोरं मुकुंदरावांनी पाहिली आणि कोहिनूर गावापासून औरादच्या अलीकडच्या वाड्यांपर्यंत जिथं म्हणून बोलावणं येईल तिथं जाऊन ते संध्याकाळी कन्नड शिकवू लागले. मोबदल्यात चहा आणि झालीच तर ज्वारीची भाकरी. त्यांची पोरं आज कंडक्टर आहेत, नर्स आहेत, मास्तर आहेत. मराठी लोक त्यांना मागून फितूर म्हणायचे. कन्नड लोक तोंडावर नमस्कार घालून मागून म्हणायचे, किती केलं तरी मराठीच. घर का ना घाट का, अशी गत. पण मुकुंदराव हट्टी होते आणि थोडे मानाचे भुकेलेही होते. मान मिळाला नाही की माणसाला त्याची भूक जास्तच लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि सगळ्यांत जास्त भूक होती ती थोरल्या भावाच्या शाबासकीची. श्रीहरी मास्तर करजगीला. गावातल्या मराठी शाळेत त्यांनी जन्म काढला. पुढे पोरं कन्नड शाळेकडे वळली, वर्ग ओस पडले आणि शाळा बंद झाली. मुकुंदरावांनी सुट्टीत गावी राहून करजगीतही संध्याकाळचा वर्ग चालवला होता. पारावर चार लोकांसमोर श्रीहरी मास्तर म्हणाले, "माझी शाळा माझ्याच भावानं रिकामी केली." त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद. काही निरोप असला तर तो बायका बायकांना सांगत. वर्षं अशीच गेली.

पुरस्काराची बातमी पेपरात आली आणि आदल्या संध्याकाळी श्रीहरी मास्तरांनी स्वतः फोन केला. एवढंच म्हणाले, "मुकुंदा, येतो उद्या." फोन ठेवल्यावर मुकुंदराव घरभर फिरले. बायकोला सांगितलं, सुनेला सांगितलं, आणि शेजारच्या पार्वतम्मांना कुंपणावरून हाक मारून सांगितलं, "नम्म अण्णा बरताने." आमचा भाऊ येतोय. पुरस्काराचं त्यांनी असं कुंपणावरून कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तोच भाऊ करजगीच्या ओट्यावर गेला होता, आणि न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता.

स्वयंपाकघरात तिघं उभी होती. प्रणेश, त्याची आई नलिनीबाई आणि बायको श्रीलक्ष्मी.

"आत्ताच्या आत्ता सांगावं लागंल," श्रीलक्ष्मी म्हणाली.

"सांग की. आन् मग?" प्रणेशचा आवाज दबका होता, पण चिडलेला होता. "आज एक तारीख हाय. मराठी घरातल्या मास्तराला बोलवून मान द्यायलेत, आन् आपण न्हाई गेलो तर काय म्हणतील? बहिष्कार टाकला म्हणतील, काळा दिवस पाळला म्हणतील. भाऊ वारला हे कोण खरं मानंल? आजच्याच दिवशी बरा वारला म्हणतील. मला रोज त्याच लोकांत बसून नोकरी करायचीय."

"मेलेल्या माणसाला दाखला लागतोय का आता?"

"तुला न्हाई कळायचं. तू सोलापूरची."

हे बोलणं श्रीलक्ष्मीला लागलं, पण ते अगदीच चूक नव्हतं. सीमेवरच्या माणसाला आपलं इमान रोज सिद्ध करावं लागतं आणि एक दिवस चुकला तर आधीचे सगळे दिवस पाण्यात जातात. प्रणेश हे लहानपणापासून बघत आला होता. भीती त्याच्या हाडात होती.

नलिनीबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या रडत होत्या आणि रडता रडता त्यांनीच वाट काढून दिली. "सुतक कानावर पडल्यावर लागतं," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात माझे चुलते गेले होते. अक्षता पडेपर्यंत कुणी आमच्या वडलांना कळू दिलं न्हाई. मग सांगितलं. त्यात पाप नसतंय."

आपल्याकडे हे होतं, आणि शहाणीसुरती माणसं करतात. मांडवातलं कार्य अडू नये म्हणून मयताची बातमी झाकून ठेवतात. ज्यानं ऐकलं नाही त्याला विटाळ नाही, तो शुद्ध. पण ही सोय लग्नाच्या मांडवापुरती आहे. ती सत्काराच्या मांडवाला लावायची हे या घरानंच काढलं.

"ते लग्न होतं अत्या," श्रीलक्ष्मी म्हणाली. "आन् हा सख्खा भाऊ हाय. काकांना मूलबाळ न्हाई. अग्नी अप्पांनीच द्यायचाय."

प्रणेशनं मग एक गोष्ट सरळ केली. त्यानं करजगीला परत फोन लावला आणि सावित्रीकाकूंनाच विचारलं. काकूंचा नवरा जाऊन तास झाला नव्हता. त्या म्हणाल्या, "नका सांगू. होऊ दे भावजींचा मान. ह्यांच्या मनातबी तेच होतं. पण ऊन उतरायच्या आत या रे बाबा. मी थांबवून ठेवते समद्यांना."

न्हाणीघराची कडी वाजली आणि तिघं तीन बाजूंना झाली.

मुकुंदराव खुशीत होते. ओल्या पंच्यानं देवापुढे बसले, घंटा वाजवली, मोठ्यानं आरती म्हटली. नलिनीबाईंना ती घंटा ऐकवेना; त्या मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं अशा थाटात मुकुंदराव बाहेर आले आणि पाटावर बसले. निघताना ओवाळायचं ठरलं होतं. निरांजनाचं तबक तयार होतं, पण हात कुणी लावेना. नलिनीबाईंनी ऐकलं होतं, श्रीलक्ष्मीनं ऐकलं होतं. दोघींना सुतक लागलेलं.

"काय गं, ओवाळायलीस ना?"

"माझं डोकं दुखायलंय," नलिनीबाई दारातूनच म्हणाल्या.

"आन् सूनबाई?"

"मला चालत न्हाई अप्पा आज," श्रीलक्ष्मीनं खाली बघून सांगितलं.

"वा! सत्काराचं ऐकून घरातल्या समद्या बायका बाजूला बसल्या," मुकुंदराव हसले. शेवटी पार्वतम्मांना बोलावलं. त्या बिचाऱ्या आनंदानं आल्या, कुंकू लावलं, ओवाळलं, आणि नलिनीबाईंचा चेहरा बघून कन्नडमधून विचारलं, काय झालं? नलिनीबाईंनी डोक्याकडे बोट दाखवलं.

"दादाचा फोन आला का रे?" गाडीत बसताना मुकुंदरावांनी विचारलं. "कुठवर आलाय?"

"फोन लागंना झालाय अप्पा. येतील."

मैदानावर लालपिवळ्या पताका होत्या, ढोल होते, कन्नडमाता भुवनेश्वरीच्या तसबिरीची मिरवणूक नुकतीच येऊन थांबली होती. सत्कारमूर्तींच्या घरच्यांसाठी दुसरी रांग राखलेली. मुकुंदरावांनी मंचावर जाण्याआधी स्वतःचं उपरणं काढून कडेच्या खुर्चीवर ठेवलं. "ही दादाची. कुणी बसायला लागलं तर सांगा."

सत्काराला बरेच जण होते. एक डॉक्टर, एक भजनी मंडळ, धातूवर चांदीचं बिदरीकाम करणारे एक म्हातारे, पाणी अडवणारा तरुणांचा गट. एकेकाला डोक्यावर म्हैसुरी पेटा, शाल, हार, फळांची करंडी. मुकुंदरावांचं नाव पुकारलं तेव्हा मागून त्यांच्या जुन्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते उठले, पेटा घालून घेतला, हात जोडले, आणि त्या सगळ्यात दोनदा कडेच्या खुर्चीकडे बघितलं. नलिनीबाईंनी मान खाली घातली.

सगळ्यांच्या वतीनं दोन शब्द बोलायला वयानं मोठे म्हणून मुकुंदरावांनाच बोलावलं. ते कन्नडमध्ये बोलले. सुरुवात छान झाली. आईची भाषा आणि राज्याची भाषा म्हणजे आई आणि मावशी, एकीकडे गेलं म्हणून दुसरी रुसत नाही, असं काहीतरी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथं थांबायला हवं होतं. पण पुन्हा त्यांची नजर खुर्चीवर गेली. उपरणं वाऱ्यानं खाली पडलं होतं आणि खुर्ची रिकामी होती.

"पण मावशी घरात आलेली न खपणारी माणसं आहेत," ते म्हणाले. "लांब कशाला जाऊ? माझा सख्खा थोरला भाऊ. काल म्हणाला, येतो. ती बघा त्याची खुर्ची. त्याला माझा मान बघवत नाही. स्वतःची शाळा बुडाली म्हणून शेवटच्या पोरापर्यंत सगळ्यांची वाट अडवून बसला."

टाळ्या झाल्या. आधीपेक्षा मोठ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून 'किती केलं तरी मराठीच' ऐकलं, ती माणसं आज टाळ्या वाजवत होती, आणि मुकुंदरावांना ते चढलं. हे मी त्यांना माफ करू शकत नाही. राग आला होता हे समजतं, पण पुढचं वाक्य रागाचं नव्हतं, टाळ्यांसाठी होतं.

"अशी माणसं जातील," ते हात वर करून म्हणाले, "तेव्हाच ही सीमा सुखानं झोपेल."

मैदान दणाणलं. दुसऱ्या रांगेत श्रीलक्ष्मीनं प्रणेशचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याला नखं लागली. नलिनीबाई पुटपुटल्या, "अहो, गप्प बसा हो." मंचापर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं. प्रणेशला वाटलं, उठावं, मंचावर जावं आणि माइक हिसकावून घ्यावा. तो बसून राहिला.

खाली आल्यावर हार काढायच्या आतच प्रणेश म्हणाला, "अप्पा, काकांची तब्येत बिघडलीय. आपल्याला करजगीला निघायचंय."

मुकुंदरावांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणून आला न्हाई व्हय?" एवढंच म्हणाले. हार आणि पेटा नलिनीबाईंकडे देऊन गाडीत बसले.

गाडी हुमनाबादच्या पुढे गेली. मग मुकुंदराव एकटेच बोलायला लागले. "मी लई बोललो आज. लोकं टाळ्या वाजवायले अन् मी वाहवत गेलो. दादाला कळलं तर? त्याला सांगतो, पाया पडून सांगतो, रागाच्या भरात बोललो. तो मारंल दोन, मारू दे. लहानपणीबी मारायचाच." थोड्या वेळानं, "काय होतंय त्याला? छाती?"

प्रणेश समोर बघून गाडी चालवत होता. त्याचा फोन सारखा थरथरत होता. श्रीलक्ष्मीनं तो उचलून बघितला. सगळे निरोप अभिनंदनाचे. उदगीरचा मावसभाऊ, हैदराबादची मावसबहीण विनीता, ऑफिसातले दोघे. सगळ्यांनी लिहिलं होतं की मास्तरांचं भाषण आत्ताच फोनवर थेट बघितलं, काय जोरात बोलले. श्रीलक्ष्मीनं फोन पालथा करून मांडीवर ठेवला. करजगीतल्यांनी बघितलं असेल का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

कलबुर्गी मागे पडली. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली. मुकुंदराव म्हणाले, "बसलिंगप्पाला फोन लाव. मला दादाशी बोलायचंय."

श्रीलक्ष्मीनं मांडीवरचा पालथा फोन आणखी घट्ट धरला.

"लाव म्हणलं ना!"

मागून नलिनीबाईंचा हुंदका बाहेर पडला. मुकुंदरावांनी मागे वळून बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. पार्वतम्मांना का बोलावलं ते त्यांना आत्ता कळलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"सकाळी," प्रणेश म्हणाला. "तुम्ही आंघोळीला होतात."

"कामून सांगितलं न्हाईस?"

प्रणेशनं सगळं सांगितलं. बहिष्काराचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, काकूंना विचारल्याचं सांगितलं. सकाळी स्वयंपाकघरात जे पटलं होतं ते आता त्याला स्वतःलाच पटेना. मुकुंदरावांनी त्याला एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "गाडी थांबव. पाणी दिसंल तिथं."

रस्त्याकडेला एका हॉटेलाच्या मागं सिमेंटची टाकी होती. मयताचं ऐकलं की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची असते. मुकुंदरावांनी बादली भरली आणि सत्काराच्या त्याच इस्त्रीच्या धोतर-सदऱ्यावर डोक्यावरून ओतून घेतली. आणखी एक ओतली. चहा पिणारे लोक बघायला लागले. एकानं ओळखलंही, "आत्ता फोनवर दिसलेत की हे." मुकुंदराव ओतत राहिले. पाण्यात ते रडत होते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पण आवाज फुटला तेव्हा कळलं. प्रणेश टॉवेल घेऊन पुढे झाला, तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

करजगीला पोचले तेव्हा ऊन भिंतींवरून वर सरकायला लागलं होतं. दारात माणसं बसली होती. एरवी गावात बीदरचे मास्तर दिसले की उठून जागा देणारी माणसं आज उठली, पण नमस्कार कुणी केला नाही. प्रणेशनं ते ओळखलं आणि तो फाटकातच थांबला.

आत श्रीहरी मास्तरांना खाली घेतलं होतं. दाढी केलेली होती. सावित्रीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओल्या कपड्यांतले मुकुंदराव भावाच्या पायांशी कोसळले, पाय धरले, कपाळ टेकलं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"वहिनी, मला ठाऊक न्हवतं."

"तुम्हाला ठाऊक न्हवतं, ते मला ठाऊक हाय भावजी. मीच म्हणलं होतं, सांगू नका." सावित्रीबाईंचा आवाज बसला होता, पण त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "ह्यांना तुमचं भाषण ऐकायचं होतं. काल जेवतानाबी म्हणले, मुकुंदा कन्नड कसं बोलतो ते एकदा समोर बसून ऐकतो. जाणं तर झालं न्हाई. मग मीच बसलिंगप्पांना म्हणलं, लावा तुमच्या फोनवर, ठेवा ह्यांच्या उशाशी. समद्यांनी ऐकलं. मीबी ऐकलं."

बसलिंगप्पा खांबाजवळ उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

"वहिनी, मला माहीत असतं," मुकुंदरावांचे दात वाजत होते, "दादा गेला हे माहीत असतं तर मी असं कशाला बोललो असतो? एक शब्द बोललो नसतो."

"व्हय की," सावित्रीबाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाबद्दल कोण वंगाळ बोलतंय? समदेच चांगलं बोलतेत. तुम्ही जित्या भावाबद्दल बोललात."

फाटकातून प्रणेश दोन पावलं आत आला होता, तो तिथंच थबकला. त्याला ओरडून सांगायचं होतं की चूक माझी आहे. पण ते शब्द त्यानं लिहून दिले नव्हते, आणि हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

सावित्रीबाई भिंतीला धरून उठल्या. जाताना त्यांनी मुकुंदरावांच्या खांद्याला हात लावला, ओला सदरा बघितला, आणि आत कुणाला तरी ह्यांना कोरडं काही द्या म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, "उठा भावजी. ऊन उतरायलंय. लोक सकाळपासून थांबलेत."

बाहेर तिरडी बांधून तयार होती. मुकुंदराव उठले, कोरडं काही घेतलं नाही. बसलिंगप्पांनी विस्तवाचं मडकं आणून त्यांच्या हातात दिलं.